मोड आलेल्या धान्यांतील विकरें

सहा-सात महिन्यांच्या मुलास नाचणीची पेज देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. पेज शिजतांना घट्ट होत जाते आणि एवढी दाट पेज मुलाला गिळतां येत नाहीं, म्हणून आई तींत आणखी पाणी घालते. खरी अडचण येथेंच आहे. त्या वयाच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं पाव लिटरच्या आसपासच अन्न मावतें. पोट पाण्यानें भरलें तर मूल तृप्त दिसतें, पण त्याच्या वाढीस लागणारें पीठ पोटांत गेलेलेंच नसतें. उलट, त्याच दाट पेजेंत मोड आणून दळलेल्या नाचणीचें चमचाभर पीठ कालवलें, तर कांहीं मिनिटांतच ती पळीवरून धार लागेल इतकी सैल होते. पाणी एक थेंबहि वाढलेलें नसतें.

पिठांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेंकडों-हजारों कणांच्या लांबलचक सांखळ्या. गरम पाण्यांत त्या पाणी शोषून फुगतात व एकमेकींत गुंततात. पेजेचा दाटपणा तो हाच. दाण्याला मोड फुटूं लागला कीं कोंभाला पोसण्यास शर्करा हवी असते, आणि सांठविलेल्या पिष्टांतून ती मोकळी करण्यासाठीं दाण्यांत एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतें. त्याचें नांव अमायलेज. तें सांखळ्या तोडतें, स्वतः मात्र खर्ची पडत नाहीं. एक तोडून झाली कीं दुसरीकडे वळतें. पातेलेंभर पेजेला एक चमचा पुरतो तो त्यामुळें.

१८३३ सालीं पायां व पर्सो ह्या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं मोड आलेल्या जवांच्या अर्कांत मद्यार्क घालून हा पदार्थ साक्याच्या रूपानें वेगळा काढला व त्यास डायास्टेज असें नांव दिलें. असले पदार्थ मुळांत आहेत तरी काय, ह्याचा उलगडा होण्यास मात्र जवळजवळ शतक लागलें. १९२६ सालीं अमेरिकेंत जेम्स सम्नर यांनीं अबईच्या जातीच्या बियांतून यूरिएज ह्या विकराचे स्फटिक मिळविले आणि तें प्रथिन असल्याचें दाखविलें. सम्नर यांचा डावा हात तरुणपणींच शिकारीच्या अपघातांत गेला होता. नऊ वर्षें हें काम त्यांनीं एका हातानें केलें. नामांकित जर्मन पंडितांस तें पटेना. पुढें १९४६ च्या नोबेल पारितोषिकांत सम्नर यांस वाटा मिळाला, तेव्हां वाद मिटून गेला होता.

विकर हें प्रथिन आहे, एवढें कळलें कीं त्याचे सारे रुसवे-फुगवे समजतात. प्रथिनाची सांखळी ठराविक रीतीनें दुमडलेली असते व तिच्यांतील एका खळग्यांत विशिष्ट पदार्थच बसतो. कापसाचा तंतूहि ग्लुकोजच्याच सांखळ्यांचा. पण तेथील जोड निराळ्या तऱ्हेचा असल्यामुळें अमायलेज त्यास शिवत नाहीं. म्हणूनच कापडाच्या ताण्याला लाविलेली पिष्टाची खळ ह्या विकरानें काढून टाकतां येते आणि सूत शाबूत राहतें.

ऊब वाढली कीं विकराचें काम वेगानें चालतें. मोडाच्या धान्यांतील अमायलेज ६० ते ७० अंश सेल्सिअसला फार तडफेनें काम करतें. परंतु उकळत्या पाण्यांत त्याची घडी विस्कटते, आणि शिजलेला अंड्याचा पांढरा बलक जसा पुन्हां पातळ होत नाहीं, तशी ही घडीहि सहसा पुन्हां बसत नाहीं. थंडीनें मात्र विकर मरत नाहीं, मंदावतें. आंबटपणाचीहि तीच गोष्ट. लाळेंतील अमायलेजला आंबटपणा खपत नाहीं, जठरांत पोंचतांच तें हळूहळू थबकतें. त्याच जठरांतील पेप्सिनला मात्र तीव्र आम्लावांचून चालत नाहीं.

मोडाचें पीठ निकामी होतें तें ह्याच कारणांनीं. कोरडें विकर उष्णता बरीच सोसतें, म्हणून मोड वाळवून हलकें भाजण्यास हरकत नाहीं. पण खमंग लाल होईपर्यंत भाजल्यास चव येते, गुण जातो. नाचणी ओली वाटून, गाळून, वरचें पाणी ओतून खालीं बसलेलें सत्त्व वाळविण्याची रीत आहे. तें सत्त्व पचावयास हलकें खरें, पण पाण्यांत विरघळणारें विकर बरेंचसें त्या ओतलेल्या पाण्याबरोबरच जातें.

पेज आधीं साध्या पिठाची शिजवून घ्यावी, खालीं उतरवून वाफ थोडी निवूं द्यावी आणि मग मोडाचें पीठ घालून ढवळावें. सैल झाल्यावर तिला पुन्हां एक उकळी आणावी. मोडांच्या ओलीबरोबर पिठांत जंतूहि शिरलेले असूं शकतात, आणि तोंवर विकराचें काम झालेलें असतें.