जबड्याला सुई लावण्यापूर्वी



 दंतवैद्यांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. चेहरा निमुळता दिसावा म्हणून जबड्याच्या मॅसेटर स्नायूत बोटॉक्स दिले जाते; त्यानंतर त्या माणसाच्या चावण्याचे काय होते, हा तो विषय.

हे औषध सौंदर्यासाठी जन्मले नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरून दाखवले आणि 1989 साली अमेरिकेच्या एफडीएने तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता दिली. वाढलेल्या मॅसेटर स्नायूत ते दिल्याचे पहिले अहवाल 1994 सालचे आहेत. पुढे दक्षिण कोरियात चौकोनी जबडा निमुळता करण्यासाठी ते रूढ झाले. आज आपल्याकडेही तरुण मुलेमुली मोबाइलवरचा फोटो दाखवून विचारतात, ‘डॉक्टर, माझी जॉलाइन अशी होईल का?’

हे औषध मुळात एक विष आहे; ते चेतातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटू देत नाही. काम थांबले की स्नायू बारीक होतो आणि गाल आत जातो. पण दाढेखाली भाकरीचा घास मोडतो तोही याच स्नायूच्या जोरावर. म्हणजे इथे परिणाम आणि दुष्परिणाम निरनिराळे नाहीत. स्नायू दुबळा करणे हाच उपचार आहे.

दुबळेपणा पहिल्या दोन आठवड्यांतच जाणवू लागतो, निमुळतेपणा मात्र बऱ्याच आठवड्यांनी दिसतो. मधल्या काळात टेम्पोरॅलिस आणि आतला टेरिगॉइड हे चावण्याचे इतर स्नायू जादा भार उचलतात. म्हणून पुष्कळांचे जेवण चालू राहते, पण घास जास्त वेळ घोळतो, मटण आणि भाजलेले चणे ताटातून हळूच बाजूला होतात. काही महिन्यांत ताकद परतते, आणि नेमके तेव्हाच पुढचे इंजेक्शन मागितले जाते. सशांवरच्या प्रयोगांत या उपचारानंतर जबड्याच्या सांध्याचे हाड विरळ झालेले आढळले आहे. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, म्हणून तर वारंवार टोचताना हात आखडता हवा.

मित्रहो, आपली तपासणी बोटांनी सुरू होते. जबड्याच्या कोनावर बोटे ठेवून ‘दाढा घट्ट दाबा’ म्हणा. बोटांखाली गोळा टणक उठला तर स्नायू मोठा आहे. काहीच उठले नाही तर रुंदी हाडाची किंवा चरबीची आहे, आणि तिथे ही सुई कामाची नाही. सुई द्यायचीच तर जागा सांभाळा: ती फार पुढे गेली तर हसू वाकडे होते. वरच्या थरातच औषध राहिले तर दाढा दाबताना गालावर फुगवटा येतो.

बोटांच्या तपासणीवर थांबू नका. मॅन्ली आणि ब्रेली यांनी 1950 साली शेंगदाणे चावायला देऊन, चावलेला चुरा चाळणीतून चाळून चावण्याची क्षमता मोजली होती. शेंगदाणे आणि चाळणी कोणत्या गावात मिळत नाहीत? दोन रंगांचे च्युइंगगम किती एकजीव होते, तेही पाहता येते. ही नोंद इंजेक्शनच्या आधी आणि नंतर केसपेपरवर आलीच पाहिजे. दाढा किती शिल्लक आहेत, कवळी आहे का, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे का, बाई गरोदर आहे का, हे विचारल्याशिवाय सिरिंज भरू नये.

संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे आणि ‘काही आठवडे ते काही महिने चावण्याचा जोर कमी होईल’ हे वाक्य त्यात ठळक असावे. चावणे पूर्ववत झाल्याची नोंद झाल्याखेरीज पुन्हा टोचू नये. रुग्णाने आग्रह धरला तरी नाही.

कुणाला सुंदर दिसावेसे वाटते यात गैर काहीच नाही, आणि त्या इच्छेला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु त्वचा, रेषा आणि ठेवण पाहणारे तज्ज्ञ अनेक आहेत. घास नीट चावला जातो की नाही, हे पाहण्याचे शिक्षण आपण घेतले आहे. ही जबाबदारी आपण झटकली तर ती उचलायला दुसरे कुणी येणार नाही. म्हणून या परिषदेने आधी-नंतरच्या चावण्याच्या नोंदीचा एक साधा मराठी तक्ता तयार करावा आणि आपण प्रत्येकाने तो आपल्या दवाखान्यात वापरावा, अशी माझी अध्यक्ष म्हणून आग्रहाची विनंती आहे.