आपलं ओझं घेऊन जा



मी गोदीतला हमाल. मालक आला नाही की माल बेवारस पडून राहतो, हे रोजचं बघणं. तसलंच पोलादी ओझं अमेरिकेत मांडून ठेवलंय. अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात.

२०१८ साली तिथं स्मारक उभं राहिलं. १८७७ ते १९५० या काळात गोऱ्या झुंडींनी ४,४०० हून जास्त काळी माणसं मारली. कुणाला झाडाला टांगलं, कुणाला जिवंत जाळलं. ती नावं आठशेवर पोलादी खांबांवर कोरलीत. एका जिल्ह्याचा एक खांब. चालत गेलं की पायाखालची जमीन उतरत जाते अन् खांब डोक्यावर लोंबायला लागतात. माणसं लोंबावीत तसे.

बाहेर मैदानात प्रत्येक खांबाचा जोडीदार आडवा ठेवलाय. म्हणणं एवढंच: ज्या जिल्ह्यानं खून केले त्यानं आपला खांब न्यावा, गावात उभा करावा. नेला नाही तर जगाला दिसतंच, कुणी तोंड लपवलंय.

आणि माती! खुनाच्या जागी लोक स्वतः गेले, माती खणली, काचेच्या बरणीत भरली. वर मेलेल्याचं नाव, तारीख. याला कलावंत लागत नाही. हात लागतात.

१९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरकडून. आता ही बरणीही घ्या. पुतळ्याला हार घालून घरी जाणं सोपंय. आपल्या माणसाचं रक्त सांडलं त्या वेशीवरची माती कोण खणतो, बोला!