आजारी माणसाचे घरातले स्थान



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावलेत, तेव्हा आधी एक खुलासा करतो. मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण माझ्याकडे येतात आणि विचारतात, "तुमच्या गोळ्यांनी डायलिसिस सुटेल का?" नाही सुटणार. हे मी आता पहिल्याच भेटीत सांगतो. तरी ते येत राहतात. आमच्या पद्धतीत रुग्णाची हकिगत घ्यायला तासभर बसावे लागते. झोप, भीती, राग, सगळे विचारावे लागते. ज्याचे घरात कोणी ऐकत नाही, तो तिथे बोलतो. आजचे बोलणे त्या तासांतले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शहाळ्यापासून सुरुवात करतो. आपण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाही. शहाळे नेतो, नाहीतर केळी-मोसंबी. डायलिसिसवरच्या माणसाला बहुधा हेच नेमके वर्ज्य असते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. ते रक्तात साठले की हृदयाचे ठोके बिघडतात. पाणीही मोजून, अनेकांना दिवसाकाठी लिटरभर, त्यातच चहा, ताक, आमटी आली. रुग्ण "नको" म्हणतो. पाहुणा म्हणतो, "एवढ्याने काय होतंय?" पुढच्या खेपेला काय न्यावे कळत नाही, काय बोलावे तेही कळत नाही, आणि तो यायचाच थांबतो. लग्नाची पत्रिका येते, पण "तुम्ही कशाला दगदग करता, मुलांना पाठवा" हे जोडूनच. त्यात दुष्टपणा कुणाचाच नसतो. माणूस मात्र एकेका पंगतीतून उठवला जातो.

घरात तर हे अधिक लवकर होते. बेळगावातलेच एक कापड दुकानदार, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. वीसेक वर्षांपूर्वी पायाला सूज आली म्हणून माझ्याकडे आले. तपासण्या केल्या. क्रिएटिनिन साडेपाच; निरोगी माणसात ते एकाच्या आसपास असते. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी डायलिसिसची तयारी ठेवा म्हणून मुलांना सांगितले. संध्याकाळी दोन्ही मुलगे माझ्याकडे आले. "डॉक्टरकाका, आप्पांना सांगू नका. खचतील." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आप्पांना म्हणालो, "थोडी सूज आहे, उतरेल."

श्रोतेहो, या वाक्याची किंमत काय झाली ते ऐका. डायलिसिससाठी हाताची रोहिणी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. ती शीर सुया घेण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. ज्याला आजारच सांगितलेला नाही, त्याच्या हातावर शस्त्रक्रिया कशी करणार? दिवस गेले. एका रात्री आप्पांना दम लागला आणि मानेतल्या शिरेत नळी घालून घाईने डायलिसिस करावे लागले. संमतीपत्र इंग्रजीत. आप्पांना मराठी आणि कन्नड दोन्ही उत्तम वाचता येत होते, हे इंग्रजीच येत नव्हते. मुलाने बोट ठेवून म्हटले, "इथे सही करा."

घरी आल्यावर त्यांनी मला बोलावले. आवाज चढला नाही. म्हणाले, "डॉक्टर, उधारी बुडाली तर मला झोप लागायची नाही, पण कोणी वही लपवत नव्हते. तुम्ही माझीच वही माझ्यापासून लपवलीत." माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. तोवर गल्ल्याची किल्लीही धाकट्याच्या कमरेला गेली होती. काळजीपोटीच.

बायकांचे दुखणे आणखी निराळे. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, ओझे घ्यायचे नाही, घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत. एका बाईंनी डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. हळदीकुंकवाला गेल्या तर कोणी काही बोलले नाही, नुसते हाताकडे पाहिले. त्यानंतर त्या पदर हातावर ओढून बसायला लागल्या, मग जायच्याच थांबल्या. मला म्हणाल्या, "मशीनवर चार तास सुया सोसते, पण ते बघणं सोसत नाही." आणि मूत्रपिंड देण्याची वेळ आली, की आपल्या देशात पुढे होणाऱ्या बहुतांशी बायकाच असतात, आई किंवा पत्नी. तिला कोणी विचारले का, हे मी एकटीला बसवून विचारतो. घरच्यांना ते आवडत नाही.

हे मराठीत कोणी लिहिलेले नाही असे नाही. पद्मजा फाटक यांनी 'हसरी किडनी' लिहिले, आणि स्वतःच्या आजाराबद्दल रुग्णाने स्वतः बोलले. घरच्यांनी किंवा आम्हा डॉक्टरांनी लिहिलेल्यापेक्षा ते वेगळेच असते. इथे बसलेल्या कोणाच्या घरी दीर्घ दुखणे असेल तर त्या माणसाला आधी दुखण्याबद्दल विचारू नका. बँकेत काय करायचे, नातीचे नाव काय ठेवायचे, असे विचारा. तो चिडला तर चिडू द्या. आमच्या जैन समाजातल्या एक आजी मोजलेल्या पाण्याला "माझा नियम" म्हणायच्या. सक्तीचे पाणी त्यांनी असे आपले करून घेतले होते. ते त्यांना सुचले म्हणून शोभले. सुनेने सुचवले असते तर तोच टोमणा झाला असता.

आप्पांचा फिस्टुला पुढे डाव्या हाताला झाला. आठवड्यातून दोन वार डायलिसिस, एका वेळी चार तास. मी मुलांना बसवून बोललो. जे पहिल्या दिवशी बोलायला हवे होते ते. किल्ली परत आली. उजवा हात मोकळा असे, तेव्हा मशीनला जोडलेले असताना ते मांडीवर वही घेऊन उधारी तपासत. परिचारिका चिडत. त्या दिवाळीला डायलिसिसचा वार अमावास्येलाच आला. पहाटेचा निर्वाण लाडू चुकला, याची त्यांना चुटपुट लागली. वहीपूजन मात्र संध्याकाळी त्यांनीच केले, खुर्चीवर बसून, आणि पहिली ओळ स्वतःच्या हाताने लिहिली.