बधिरतेवरील उपचार
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



अहवालवर्षाचा जमाखर्च व ताळेबंद आपल्या हाती आहेच. त्यातील आकड्यांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. ज्या गोष्टीला ताळेबंदात रकाना नसतो, पण जी आटली तर रुग्णालय आतून पोखरले जाते, तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती असावी. ती गोष्ट म्हणजे परक्याचे दुःख पाहून मन हलण्याची शक्ती.

त्यासाठी आपणांस कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाकडे पाहावे लागेल. अमेरिकेतील फादर रिक फ्रेशेट हे कॅथलिक धर्मगुरू १९८७ साली तेथे अनाथ मुलांसाठी काम करण्यास गेले. मुलांना छप्पर आणि अन्न मिळाले तरी आजार थांबत नाहीत. पुढे चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९९८ मध्ये ते डॉक्टर झाले. पोर्तोप्रेन्स या राजधानीलगतच्या टाबार भागात २००६ साली त्यांच्या संस्थेचे सेंट डेमियन बालरुग्णालय नव्या वास्तूत सुरू झाले.

त्या देशाच्या वाट्याला काय आले ते पाहा. १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला. सरकारने मृतांचा आकडा तीन लाखांच्या वर सांगितला. इतरांचे अंदाज त्याहून बरेच कमी होते. म्हणजे गेलेली माणसे मोजणेसुद्धा शक्य झाले नाही. त्याच वर्षी पटकीची साथ आली. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईस यांची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली आणि राजधानीचा बहुतांश भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला. एकट्या २०२४ मध्ये तेथील हिंसाचारात ५,६०० हून अधिक माणसे मारली गेली, अशी नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाने केली आहे.

मृत्यू असा रोजचा झाला की माणसाचे मन स्वतःभोवती कवच चढवते. हिरोशिमातील अणुबॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांशी १९६० च्या दशकात प्रदीर्घ संवाद साधणारे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी या अवस्थेचे वर्णन केले आहे. अतिभयंकर अनुभव सोसण्यासाठी मन भावनांची दारे लावून घेते. हा कोणाच्या स्वभावाचा दोष नव्हे. तगून राहण्याची ती एक रीत आहे. अडचण एवढीच की, लावलेले दार पुढे आपल्या माणसांसाठीही उघडेनासे होते.

फादर फ्रेशेट यांच्यापुढे हाच प्रश्न होता. शहरातील सरकारी रुग्णालयाच्या शवागारात बेवारस मृतदेहांचे ढीग साठत असत. त्यांत कित्येक अर्भके असत. फादर आणि त्यांचे हैतीयन सहकारी दर आठवड्याला तेथे जात, देह कापडात गुंडाळून शवपेट्यांत ठेवीत आणि शहराबाहेर तितान्येन येथे प्रार्थनापूर्वक त्यांचे दफन करीत. तितान्येन या नावाचा क्रिओल भाषेतील अर्थ ‘काहीच नाही, त्याहूनही कमी’ असा सांगितला जातो. दुव्हालिए यांच्या हुकूमशाहीत मारलेल्यांची प्रेते टाकण्याची ती कुप्रसिद्ध जागा. ज्यांना जगाने ‘काहीच नाही’ ठरवले, त्यांना त्याच भूमीत माणूस म्हणून निरोप देण्याचा हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

आम्ही वाणिज्य शाखेची माणसे. प्रत्येक खर्चापुढे ‘निष्पन्न काय?’ हा प्रश्न लिहिण्याची आमची सवय. मृताला त्या दफनाने काय मिळाले, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु जे हात मृत बालकाला कापडात गुंडाळताना हळुवार राहिले, ते जिवंत बालकाला सलाइन लावतानाही हळुवारच राहणार, एवढे आम्हांस निश्चित कळते. मन कधी भरून येईल याची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी ठरलेले काम आदराने करणे, हाच बधिरतेवरचा उपचार आम्हांस दिसतो.

त्या बालरुग्णालयाच्या नावातही हीच शिकवण दडली आहे. बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ साली हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी गेले. एके दिवशी त्यांचा पाय कढत पाण्यात पडला, कातडी पोळली, पण वेदना झाली नाही. त्यावरून रोग आपणांसही जडल्याचे त्यांनी ओळखले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १८८९ मध्ये ते त्याच रोगाने वारले. बाबा आमट्यांच्या आनंदवनाचा वारसा लाभलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगावयास नको की, कुष्ठरोगात न दुखणारा चट्टाच धोक्याचा असतो. वेदना कळत नाही म्हणून जखम चिघळते. मनाचेही तसेच आहे.

आपले गाव हैती नव्हे, हे खरे. तथापि अपघात विभागात ओळीने तिसरी रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा आवाज सपाट होतो, कक्षसेवकाच्या तोंडी रुग्णाच्या नावाऐवजी खाटेचा क्रमांक येऊ लागतो, तेव्हा तो न दुखणारा चट्टा उमटू लागला असे समजावे. रागावून तो जात नाही. त्याला विश्रांती आणि शिस्त दोन्ही लागतात.

म्हणूनच विश्वस्त मंडळापुढे आम्ही दोन लहान तरतुदी ठेवल्या आहेत. पहिली, अपघात व अतिदक्षता विभागांतील कर्मचाऱ्यांची नेमणूक ठरावीक काळाने बदलता यावी म्हणून जादा मनुष्यबळाची. दुसरी, ज्यांचे कोणी नाही अशा मृतांवर पोलिसांची परवानगी व कायद्याची रीत सांभाळून सन्मानाने अंत्यसंस्कार करण्याची. त्या वेळी आमच्यापैकी निदान दोघांनी हजर राहावे आणि मृताचे नाव ठाऊक असल्यास ते उच्चारावे.

या खर्चातून एक रुपयाही परत यावयाचा नाही, हे देणगीदारांना आम्ही आधीच सांगून ठेवतो. नव्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. या कामावर ती लावता येणार नाही. मात्र रुग्णांच्या नातेवाइकांना मध्यरात्री आपल्या माणसाची चौकशी करताना जो स्वर ऐकू येईल, त्यात आपली देणगी असेल.