दुरुस्तीची वाट

घरी जुळविलेला ध्वनिवर्धक आज ना उद्या बिघडणारच. त्या वेळी कसोटी लागते ती सर्किट बोर्डावरील तांब्याच्या पातळ पट्ट्यांची. एकाच जागी वारंवार डाख दिला व काढला, तर उष्णतेने पट्टी बोर्डापासून सुटते आणि एका क्षुल्लक भागापायी सारा बोर्ड वाया जातो. म्हणून जोडणीच्या वेळीच थोडा फेरफार करावा. ‘एनई ५५३२’सारखी आठ पायांची चिप थेट डाखाने न बसविता तिच्यासाठी सॉकेट बसवावे. वीजपुरवठ्याच्या व स्पीकरच्या तारा स्क्रूच्या कनेक्टरांत धराव्यात, म्हणजे डाख न काढता बोर्ड बाहेर घेता येतो. यंत्र सुस्थितीत असतानाच ठिकठिकाणचा विद्युत्दाब मोजून आकृतीवर टिपून ठेवावा. उद्या दुरुस्तीला बसणारा कदाचित दुसराच कोणी असेल. त्याची वाट सुकर करणे हे जोडणाऱ्याचेच काम होय.