पेशीचे विभाजन : शब्दाचा अर्थ आणि वापर



‘विभाजन’ म्हणजे काय, असे राजूरच्या बाजारात कोणालाही विचारले तर ‘वाटणी’ असेच उत्तर मिळेल. भावाभावांत खातेफोड झाली की चार एकरांचे दोन-दोन एकर होतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमीच येते. हाच शब्द दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीच्या संदर्भात भेटतो. पेशीचे विभाजन झाले म्हणजे नव्या पेशींना निम्मेनिम्मे मिळाले असणार, असा तर्क विद्यार्थी करतो. यात दोष त्याचा नाही. शब्दानेच त्याला त्या वाटेला लावलेले असते.

वस्तुस्थिती निराळी आहे. कांद्याच्या मुळातील पेशीत 16 गुणसूत्रे असतात. तिच्यापासून दोन पेशी झाल्या की प्रत्येकीत 8 नव्हे, तर 16 गुणसूत्रे आढळतात. कारण विभाजनाला आरंभ होण्यापूर्वीच प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार झालेली असते. खातेफोड करण्याआधी जमीनच दुप्पट व्हावी, तसा हा प्रकार होय. जमिनीच्या बाबतीत हे घडत नाही, हे दुर्दैव! या क्रियेला पाठ्यपुस्तकात ‘सूत्री विभाजन’ म्हटले आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग याने 1882 मध्ये ‘मायटोसिस’ ही संज्ञा रूढ केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला धाग्यांसारख्या रचना दिसल्या होत्या, म्हणून धागा या अर्थाचा ग्रीक शब्द त्याने घेतला. मराठीतील ‘सूत्र’ हा त्याचा यथार्थ पर्याय आहे. जखम भरून येते, रोप वाढते, मूल मोठे होते, ते या विभाजनामुळे.

खरीखुरी वाटणी होते ती दुसऱ्या प्रकारात. ग्रीकमध्ये ‘घट’ असा अर्थ असलेला ‘मायॉसिस’ हा शब्द फार्मर आणि मूर यांनी 1905 मध्ये वापरात आणला. घट किती, हे त्या नावातून कळत नाही. मराठी ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ ते स्पष्ट सांगते, आणि या बाबतीत मराठी संज्ञा मूळ संज्ञेपेक्षा सरस म्हणावी लागेल. मात्र येथेही एक खबरदारी घेणे अगत्याचे आहे. गुणसूत्र मधोमध तुटून अर्धे होत नाही. जोडीतील एकेक गुणसूत्र वेगळे होऊन संख्या निम्मी होते. प्रती एकदाच तयार होतात आणि विभाजन लागोपाठ दोनदा होते, म्हणून एका पेशीपासून चार पेशी निर्माण होतात.

राजूर हे डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध आहे. गोवंशाच्या पेशीत 60 गुणसूत्रे असतात. त्यांपैकी 30 गाईकडून आणि 30 वळूकडून वासराला मिळतात. गाय पारखून घ्यायची आणि वळू मिळेल तो लावायचा, या व्यवहारात निम्म्या वारशाकडे डोळेझाक होते, हे अनुभवी पशुपालकाला सांगावे लागत नाही. परंतु तोच पशुपालक घरात दुसरी मुलगी जन्मली की सुनेला बोल लावतो. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. अर्धगुणसूत्री विभाजनानंतर स्त्रीबीजात 23 उरतात आणि त्यांत लिंग ठरविणारे गुणसूत्र नेहमी ‘एक्स’ असते. पुरुषाच्या शुक्रपेशींपैकी मात्र सुमारे निम्म्यांत ‘एक्स’ आणि निम्म्यांत ‘वाय’ असते. मूल मुलगा की मुलगी, हे शुक्रपेशीवरून ठरते, आणि यात पित्याच्या इच्छेचाही संबंध नसतो. ग्रामसभेत हा विषय निघाला असता शिक्षकाने फळ्यावर दोन आकृत्या काढून दाखविल्या, तर त्यांचा प्रभाव घोषणांहून अधिक पडेल.

शेतकऱ्याच्या भाषेत या दोन विभाजनांचा भेद पूर्वीपासून आहे, याची दखल वर्गात घेतली जात नाही. ऊस, हळद किंवा बटाटा लावताना तो सहसा ‘बेणे’ म्हणतो. भात, मका पेरताना ‘बी’ म्हणतो. बेण्यातून उगवणारे रोप केवळ सूत्री विभाजनाने वाढते, म्हणून ते मूळ पिकासारखेच निपजते. बी तयार होण्यापूर्वी मात्र अर्धगुणसूत्री विभाजन झालेले असते आणि दोन बाजूंचा वारसा एकत्र आलेला असतो. भातात बहुधा स्वपरागण होते, त्यामुळे घरी राखलेले जुने वाण बरेच शुद्ध राहते. मक्याचे तसे नाही. वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतातले पराग येतात आणि पुढच्या वर्षी कणसात वेगळे दाणे दिसू लागतात. अकोले तालुक्यात देशी वाणांची बियाणे जपण्याचे मोठे काम झाले आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना त्यासाठी 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. बियाणे राखणाऱ्या बचत गटांना हा भेद समजावून देणे कृषी सहायकांना अवघड नाही.

शाळेत हे दाखवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा ठेवावा. तीन-चार दिवसांत मुळे फुटतात. त्यांची कोवळी टोके कापून शिक्षकाने स्वतः ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करावीत, अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवावीत आणि काचपट्टीवर हलकेच दाबावीत. त्यात दिसेल ते सूत्री विभाजनच. अर्धगुणसूत्री पाहायचे तर न उमललेल्या कळीतील परागकोश घ्यावे लागतात. बहुतेक पेशी विभाजनाच्या अधल्यामधल्या काळातील, अंतरावस्थेतील असतात; पूर्वावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंत चारही अवस्था सापडेपर्यंत दोन-तीन कांदे खर्ची पडतात.