खांब बोलतो, पण ऐकणारा हवा
(नवा रायपूर येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



"संग्रहालयात तुम्ही करता तरी काय? मूर्तींवरची धूळ झटकता?" हा प्रश्न मला नोकरीभर ऐकावा लागला. उत्तरादाखल एक हकीकत सांगतो.

१९२१ साली आपल्या छत्तीसगडातील किरारी गावचा हिराबांध तलाव आटला. गाळ उपसताना गावकऱ्यांना एक लाकडी खांब मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. शेकडो वर्षे पाण्याने जपलेला तो खांब उन्हात आला, लाकूड सुकले आणि सालपटांबरोबर अक्षरेही गळू लागली. पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी दिसली तशी ती कागदावर उतरवून घेतली. पुढे डॉ. हिरानंद शास्त्री यांनी त्या नकलेच्या आधारे लेख प्रसिद्ध केला. खांब रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आला. मजकूर मात्र मुख्यतः त्या कागदामुळे वाचला.

गंमत अशी, की सातवाहन काळातल्या त्या लेखात अधिकाऱ्यांचीच यादी आहे! नगररक्षक, सेनापती, गणक, भांडागारिक, मुदपाकखान्यावरचा अधिकारी, हत्ती-घोडे सांभाळणारे. राज्य एकट्या राजाचे नसते.

संग्रहालयही तसेच. १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने सिरपूरला उत्खनन केले. नाव उत्खनन करणाऱ्याचे होते, आणि ते योग्यच आहे. पण पुढे? खापरे धुऊन त्यावर स्थळ आणि थर लिहिणारा एक. गंजलेल्या लोखंडाला पाणी न लावता कोरडे ठेवणारा रसायनतज्ज्ञ दुसरा. शिलालेखावर ओला कागद थापटून ठसा घेणारा तिसरा. शिवाय छायाचित्रकार, चित्रकार, मूर्ती हलवणारे मजूर, रात्रीचा चौकीदार. मी नोंदवहीवाला! वस्तूचा क्रमांक चुकला, की ती कुठून आली हेच हरवते. मग मूर्ती सुंदर राहते, पण मुकी होते.

आता आपल्या कामाचे. नव्या राजधानीच्या परिसरात रोज पाया खणला जातो. आरंगजवळचे रीवां इथून दूर नाही. तिथल्या मातीच्या गढीत पुरातन वस्तीचे अवशेष निघाले आहेत. उद्या तुमच्या प्लॉटवर नाणी, मूर्ती, खापरे मिळाली तर घासू नका, शेंदूर फासू नका, घरी नेऊ नका. जागेवरच फोटो काढा आणि जिल्हाधिकारी किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. निखात निधीचा कायदा १८७८ पासून आहे, पण कायद्यापेक्षा जाणीव मोठी.

बाप्पांची मूर्ती आपण दरवर्षी नवी आणतो आणि विसर्जित करतो. जमिनीतून निघालेली मूर्ती मात्र एकदाच मिळते. किरारीला कागद घेऊन बसणारा एक माणूस होता. आपल्या गल्लीत तो माणूस तुम्ही व्हा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!